चार मात्रांची जागा

हरिश्चंद्र मास्तरांचं स्वरयंत्र सोमवारी काढायचं ठरलं होतं. त्याआधीच्या गुरुवारी पहाटे त्यांचा पुतण्या संदेश मुंबईहून गाडी घेऊन गावात उतरला. गाडीत दोन माइक होते, वायरींची भेंडोळी होती, एक लॅपटॉप होता आणि बारा जाड गोधड्या होत्या. गोधड्या बघून मास्तरांची बायको मथुरा म्हणाली, "अरे, आमच्याकडं काय पांघरायला नाय असं वाटलं का तुला?"

"पांघरायला नाही, काकी. भिंतींना टांगायच्या. आवाज घुमू नये म्हणून."

"आता आवाज घुमला काय नि नाय घुमला काय," असं पुटपुटत ती आत गेली. मास्तरांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

जागा ठरली होती शाळेची. पूर्णगडच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर, एका खोलीची शाळा होती. पट घसरत घसरत तीन मुलांवर आला तेव्हा ती बंद झाली, आणि किल्ली मात्र मास्तरांकडेच राहिली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, आसपास वस्ती नाही, भात झोडून झालेलं, त्यामुळे शेतातही कोणी नाही. संदेश मुंबईत मालिकांचे आवाज भरण्याच्या स्टुडिओत कामाला होता. त्याने खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली, कान टवकारले आणि म्हणाला, "काका, अशी खोली आमच्याकडे तासाच्या भाड्याने घ्यावी लागते."

साथीला दोनच माणसं होती. मृदुंगावर शिवा. तो जयगडच्या बंदरावर फाटकाचा रखवालदार होता आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. झांजेवर दादू, चिरेखाणीत उभा जन्म घालवलेला. दोघेही मास्तरांबरोबर याच शाळेत शिकलेले आणि पंचेचाळीस वर्षं एकाच रिंगणात बसलेले. गणपतीत रिंगण धरून नाचतात ती जाखडी. नाचणारे भोवती फिरतात आणि गाणारे-वाजवणारे मधे बसतात. या गावाची जाखडी लांजा-राजापुरापर्यंत गाजली होती. महिपत शाहिरांची जाखडी म्हणायचे तिला. महिपत म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, संदेशचा बाप. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"यादी केलीय का गाण्यांची?" संदेशने विचारलं.

"यादी कसली?" दादू म्हणाला. "आमी काय रेशन भरायला आलोय? बसायचं. मास्तर तोंड उघडतील. जे बाहेर पडेल ता गाणं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर शिवा वाजवतोय असं समजायचं."

शिवा मृदुंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होता. त्याने मान वर केली नाही. "दादूला दात नाय राहिले," तो शांतपणे म्हणाला. "त्याचा 'स' शिटी मारतो. तुझ्या मशीनला चालेल का ता बघ आधी."

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आवाज आधीच घोगरा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं कमी करा, गाणं तर नकोच. मास्तरांनी मान डोलावली होती आणि घरी येऊन संदेशला फोन लावला होता.

गाणी सुरू झाली. रीत जुनीच. मास्तर एक ओळ टाकणार, दादू आणि शिवा ती झेलून परत म्हणणार, आणि त्या दोघांचं म्हणून होईपर्यंत मास्तर पुढची ओळ आठवणार किंवा नवी बांधणार. त्या परत म्हणण्याला झील म्हणतात. मास्तर कुठे अडखळले तर दादूला आधीच समजायचं. तो झील दोनदा घ्यायचा, तीनदा घ्यायचा, मधे झांज जरा खेळवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की गाण्यातच तसं आहे. दुपारपर्यंत सहा गाणी झाली. न थांबता, न ठरवता. दोन गाण्यांच्या मधे चहा आणि एकमेकांची उणीदुणी.

प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. वहीवरचं नाव कोणी वाचत नाही, पत्रिकेवरचं कोणाच्या लक्षात राहत नाही. गाणं या वाडीतून त्या वाडीत कानाने जातं आणि जाताना छाप तेवढी बरोबर नेतं. सहाही गाण्यांची छाप एकच होती. म्हणे महिपत.

आणि सहाही वेळा, झील म्हणताना, दादू मास्तरांकडे रोखून बघत होता.

कारण महिपतने आयुष्यात एकही गाणं रचलं नव्हतं.

ते असं झालं होतं. मास्तरांना बाविसाव्या वर्षी शाळेची नोकरी लागली. जाखडीच्या सामन्यात समोरच्या शाहिराला टोमणे मारावे लागतात, दुहेरी अर्थाचे शब्द घालावे लागतात. कोणीतरी वर कागद धाडला की मास्तर असून असली गाणी करतात. साहेबांनी बोलावून समज दिली. घरी आल्यावर महिपत म्हणाला, "माझं नाव घाल. मी नांगर धरणारा माणूस, माझं कोण काय काढून घेणार?" एका गणपतीपुरतं ठरलं होतं. पण महिपतचा आवाज असा, उभं राहण्याची ऐट अशी, की त्या एका गणपतीत नाव झालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावचं बोलावणं आलं ते महिपत शाहिरांना आलं. मग ते नाव परत मागायचं कसं आणि कोणत्या तोंडाने? नोकरी संपली तेव्हा महिपत अंथरुणाला लागला होता. मग तो गेला. गेलेल्या माणसाकडून काही मागता येत नाही.

आता मास्तरांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती दादू-शिवाला सांगितलेली होती. सोमवारच्या आत, स्वतःच्या तोंडून, एका तरी गाण्यात स्वतःचं नाव. एकच गाणं. बाकीची राहू देत महिपतदादाची.

दुपारी भाकरी आणि बांगड्याचं तिकलं आलं. जेवताना संदेशने पिशवीतून चार वह्या काढल्या, प्लॅस्टिकमध्ये जपून गुंडाळलेल्या.

"बाबांच्या," तो म्हणाला. "हे बघा काका, इथे त्यांनी एकच शब्द तीनदा खोडलाय. आधी 'होडी', मग 'नाव', मग 'तरी'; अर्थ तिन्हींचा होडीच. मी हे पान कितीदा बघितलं असेल. मला वाटतं, माणूस कसा विचार करतो ते खोडलेल्या शब्दात दिसतं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. ती संध्याकाळ त्यांना आठवत होती. शाळेतून येऊन ते खळ्यात फेऱ्या मारत होते आणि महिपत जोत्यावर बसून लिहून घेत होता, पाठ करायला सोपं जावं म्हणून. 'होडी लिही.' 'नको, नाव.' 'थांब, तरी कर.' महिपत वैतागून म्हणाला होता, "तुझा शब्द ठरला की मला हाक मार." सहाशे पोरांना अक्षर शिकवलेल्या या मास्तराने स्वतःच्या गाण्याची एक ओळ कधी स्वतःच्या हाताने लिहिली नव्हती.

"त्या वहीत..." दादूने सुरुवात केली.

"दादू, काटा आहे, बघून खा," मास्तर म्हणाले.

दादूने त्यांच्याकडे बघितलं आणि तो खाली मान घालून जेवू लागला.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर अंगणात बसून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत राहिले. पोरांनाही त्यांनी असंच शिकवलं होतं. ऱ्हस्वाला एक पेर, दीर्घाला दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही जड धरायचं. म-हि-प-त. चार पेरं. ह-रि-श्चं-द्र. सहा. पुन्हा मोजलं, तरी सहाच. जन्मभराची सगळी गाणी त्यांनी अशी बांधली होती की शेवटी चार मात्रांची एक जागा मोकळी राहावी. त्या जागेत भाऊ नेमका बसत होता आणि ते स्वतः मावत नव्हते. नाव तोडून 'हरी' केलं तर तीन मात्रा आणि एक विसावा, म्हणजे जमत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ते होडीचं गाणं घेतलं. आवाज कालच्यापेक्षा खाली गेला होता. वरची पट्टी त्यांनी सोडूनच दिली. शिवाने न सांगता मृदुंग उतरवून घेतला. शेवटचं कडवं आलं आणि मास्तरांनी डोळे मिटून ओळ टाकली, म्हणे हरी. दादूने झील उचलली, एरवीपेक्षा जोरात उचलली. 'हरी' हा शिटी मारणारा 'स' नसलेला शब्द त्याने दोनदा म्हटला.

गाणं संपलं. संदेशने कानावरचे हेडफोन काढले. त्याचा चेहरा खुलला होता.

"काका, हे सगळ्यात छान झालं. शेवटी देवाचं नाव घेतलंत ना, अंगावर काटा आला. फक्त बाबांची छाप राहिली. तेवढं एक कडवं परत घेऊया का?"

मग दादूने झांज जमिनीवर ठेवली.

"देवाचं नाय ता नाव," तो म्हणाला. "ह्यांचं हाय. हरी म्हणजे हे, हे समोर बसलेत ते. आणि गाणं पण ह्यांचं हाय. ता होडीचं, कालची सहा, तुझ्या वहीतली झाडून सगळी. तुझा बाप गायचा, बाळा. रचायचे हे."

"दादू," मास्तर म्हणाले.

"आता सोमवारनंतर 'दादू' बोलायला पण येणार नाय तुमाला. मग कवा बोलणार?"

संदेशने आधी शिवाकडे बघितलं. शिवा कमी बोलणारा माणूस, खोटं तर त्याला जमायचंच नाही. शिवा मृदुंगाच्या दोऱ्या ओढून बघत राहिला आणि नुसती मान हलवली.

"वहीत बाबांचं अक्षर आहे," संदेश हळू म्हणाला. "खोडाखोड त्यांच्या हातची आहे."

"मी सांगायचो, दादा लिहायचा," मास्तर म्हणाले.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय. बाबा गेल्यावर सहा वर्षांनी." त्याचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "मला शाळेत शिक्षक विचारायचे, तू शाहिरांचा मुलगा ना. मी या लाइनीत आलो ते त्यांच्यामुळे. हे सगळं सामान मी सुट्टी टाकून आणलं ते त्यांची गाणी राहावीत म्हणून. तुमच्या आवाजात का होईना." तो थांबला. "ठीक आहे. मी माइक चालू करतो. एक नवीन बांधा. आत्ता, इथे, आमच्यासमोर. तुमच्या नावाने."

"आवाज बघ त्यांचा," शिवा त्या सकाळी पहिल्यांदा बोलला.

पण मास्तरांनी हाताने त्याला थांबवलं आणि माइक जवळ ओढला. त्यांना राग आला नव्हता. शाळेत एखादं पोर 'मला दाखवा' म्हणून अडून बसलं की त्यांना ते आवडायचं. दाखवावंच लागतं अशा पोराला. मनातल्या मनात त्यांनी ठरवून टाकलं, नाव पूर्ण घालायचं, सहा मात्रांचं, आणि ओळ त्या नावासाठी लांब ठेवायची.

शिवाने ठेका धरला. मास्तरांनी दोन आवर्तनं जाऊ दिली आणि मग ओळ टाकली.

सोमवारी सुरी येणार गळ्याशी,
शब्दांनो, निजाल मग कोणापाशी?

दादूने झील घेतली. त्याचा आवाज चिरला, पण त्याने ती पुरी केली. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ते आता या खोलीत नव्हते, रिंगणाच्या मधे होते, भोवती पायांतले चाळ वाजत होते.

मृदुंग फुटला तर शाई लावाल,
गळा फुटल्यावर सांगा कुठे जाल?

पुन्हा झील. शिवाची मान खाली गेली होती आणि बोटं तेवढी चालू होती. मास्तरांनी श्वास घेतला. दादूने ओळखलं की शेवटचं कडवं येतंय. त्याने झील आणखी एकदा फिरवून त्यांना वेळ दिला, आणि मास्तर वरच्या पट्टीत चढले. त्या सकाळी पहिल्यांदा.

म्हणे महिपत, निघतो गड्यांनो आता,
राहिले ते शब्द घ्या जाता जाता.

आणि दादूने झील उचलली. म्हणे महिपत. शिवानेही उचलली. पंचेचाळीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. शब्द बाहेर पडल्यावर दादूची झांज मधेच थांबली. मास्तरांनी डोळे उघडले. आपण काय म्हटलं ते त्यांना दादूच्या तोंडावरून समजलं.

लॅपटॉपवर रेघ पुढे सरकत होती.

संदेशने ती बंद केली. मग म्हणाला, "सोमवार बाबांना माहीत नव्हता."

हे कोणाला म्हटलं ते कळलं नाही.

"हे गाणं बाबांनी केलेलं असूच शकत नाही," तो पुढे म्हणाला. "आणि तरी शेवटी त्यांचंच नाव आलं. म्हणजे बाकीच्यांतही ते असंच आलं असणार." त्याने डोळे पुसले, बाहीने, लहान मुलासारखे. "तुमचं खरं आहे, काका."

मास्तरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. हा कालचा ठसका नव्हता. ते वाकून खोकत राहिले. शिवाने पाठ चोळली, दादूने पाण्याचा तांब्या धरला. रुमालावर लाल ठिपका पडला तो त्यांनी मुठीत दाबला. खोकला थांबला तेव्हा घशात आवाज उरला नव्हता. ओठ हलत होते, वारा येत होता, पण त्या वाऱ्यात अक्षर नव्हतं.

"नुसतं नाव बोला, काका," संदेश घाईने म्हणाला. "गायचं नाही. एकदाच. मी कापून त्या जागी बसवतो, आम्ही रोज हेच करतो."

मास्तरांनी प्रयत्न केला. 'ह' आला. पुढचं काही नाही.

"मग दादूकाका, तुम्ही म्हणा. झिलीत घेऊ."

दादूने म्हणून बघितलं. म्हणे हरिश्चंद्र. ओळ ठेक्याच्या बाहेर सांडली. शिवाने ठेका ओढून धरला, पुन्हा घेतलं, पुन्हा सांडली. तिसऱ्या वेळी दादू नाव घाईघाईने म्हणू लागला तेव्हा मास्तरांनी हात वर केला, जसा ते वर्गात करायचे. नको. मान हलवून नको. वाकडं नाव घालून गाणं बिघडवायचं नाही, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही. दोघेही तेवढं ओळखत होते. दादू उठून दारात जाऊन उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी आजच निघून या म्हणून सांगितलं. संदेश गोधड्या उतरवू लागला. शेवटची गोधडी हातात घेऊन तो मास्तरांसमोर आला आणि उकिडवा बसला.

"काका, एकच विचारू? मग त्या सगळ्यात बाबांचं काय होतं?"

"गळा," दादू दारातूनच म्हणाला. "नुसता गळा."

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. दादूला ते दिसलं नाही, तो अजून पाठमोराच होता. मास्तरांना सांगायचं होतं की चाली दादाच्या होत्या, एकूण एक. मी शब्द द्यायचो ते कोरड्या लाकडासारखे, तो ते भिजवायचा. भर सामन्यात मागून शब्द पुरवताना मी घाबरून ते विसरायचो तेव्हा तो हसून माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि लोकांना वाटायचं की शाहीर रंगात आलेत. त्याचं नाव घेतल्याशिवाय मला शेवटचं कडवं कधी सुचलंच नाही, आजही सुचलं नाही. हे सगळं या पोराला सांगायला हवं होतं, आत्ताच, तो इतका जवळ बसलेला असताना. त्यांनी तोंड उघडलं. वारा आला.

मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर लिहिल्यासारखं केलं. कागद दे. पेन दे. पुन्हा केलं, डोळे संदेशवर लावून.

संदेशने त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हो, काका, कळलं," तो म्हणाला. "लिहितो. सगळ्यात वर तुमचंच नाव लिहितो. बाबांचं कुठे ठेवत नाही. तुम्ही आता बोलायचा प्रयत्न करू नका, डॉक्टरांनी नको म्हटलंय." त्याने हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला, गोधडी उचलली आणि गाडीकडे गेला.